करंवटीचं टिंब

माणसाला कशाकशाचा हेवा वाटतो. कुणाला शेजाऱ्याच्या बोअरला लागलेल्या पाण्याचा, कुणाला साडूच्या नव्या गाडीचा. मला हेवा वाटला तो एका समन्सचा. कोर्टाचा गोल शिक्का, खाली कारकुनाची सही, आणि अमुक तारखेला आरोपी म्हणून हजर राहा असा हुकूम. असला कागद बघून शहाण्या माणसाच्या पोटात गोळा उठतो. तो कागद माझ्या गुरुबंधूच्या नावानं आला आणि माझ्या पोटात आग पडली. कारण ज्या ओळीवरून तो आला होता ती ओळ माझी होती.

हसा खुशाल. माझी बायकोही हसली. म्हणाली, "लोकं कोर्टाची पायरी चढायची येळ येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवत्यात, आन् तुम्हाला चढायला मिळाली न्हाय म्हणून रडू येतंय व्हय?"

व्हय, येत होतं.

मी पेंटर. भिंतींना रंग देणारा नव्हे, अक्षरं काढणारा. कळंबला आमचे उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, मी आणि तो. भूकंपानंतर सास्तूरला नवीन घरं उभी राहिली तेव्हा दारांवर नंबर टाकायचं काम उस्तादांना मिळालं होतं. आम्ही दोघं डबे धरायला सोबत. नंबर टाकून टाकून हात बसला आणि मग उस्तादांनी आम्हाला अक्षरं दिली. त्यांची एक रीत होती. आधी चॉकनं रेघ, मग चपट्या ब्रशनं सगळी अक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटी, आणि अगदी शेवटी, खाली उतरून चार पावलं मागं जाऊन, लांबून बघून, गोल ब्रशनं सगळी टिंबं एकदम. म्हणायचे, "अक्षर म्हंजे लेकरू रे. आधी न्हाऊ घाला, कपडे चढवा. तीट लावायची ती सगळ्यात शेवटी. टिंब म्हंजे तीट."

त्याला ते बरोबर कळलं. मला अर्धंच कळलं. मी मागं जाऊन बघायचो आणि टिंब जिथं शोभेल तिथं टाकायचो. आता अंगणवाडी हा शब्द घ्या. पहिल्याच अक्षरावर टिंब टाकलं की सगळा भार डावीकडं जातो, बोर्ड कललेला वाटतो. मी ते ग वर सरकवायचो. अगंणवाडी. मदिंर. पचांयत. एका गावच्या बाईंनी तर मला शाळेसमोर उभं करून झापलं होतं. उस्ताद मारायचे, ब्रशच्या दांड्यानं, बोटांवर. त्याला त्याच्या चुकांसाठी मारायचे आणि त्याच्या चुका सुटल्या. मला मारून मारून शेवटी कंटाळले. "तुझी तीट गालाऐवजी नाकावर बसती, बाबा," म्हणाले आणि सोडून दिलं. पण अक्षराचं वळण माझंच चांगलं होतं. हे तेही म्हणायचे आणि तोही म्हणायचा. दोघं म्हणायचे म्हणून सांगतोय, नाहीतर मी कशाला सांगू.

पुढं फ्लेक्स आलं. उस्ताद गेले. त्यानं वेळेवर ओळखलं आणि मोठं मशीन घेतलं, कळंबच्या बाजारात दुकान टाकलं. मी म्हणालो, ब्रश म्हणजे ब्रश, असलं प्लास्टिक मी करणार नाही. दोन वर्षांत त्याच्या दुकानात ब्रशची कामं करायला लागलो. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स तो छापायचा, आणि ट्रॉलीच्या मागचे फाळके, शाळेच्या भिंती, टाक्यांवरच्या घोषणा असलं जे मशीनमध्ये जात नाही ते माझ्याकडं. कामाखाली सही त्याच्या दुकानाची. त्याचं नाव, त्याचा फोन. रीतच ती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. वाटायचं. दर वेळी ते नाव काढताना हात जड व्हायचा. पण काढायचो, आणि तेही सुंदर काढायचो, कारण वाईट अक्षर माझ्याच्यानं निघत नाही.

एके दिवशी एक ट्रॉलीवाला आला. उसाचा हंगाम तोंडावर, नवी ट्रॉली, मागच्या फाळक्यावर काहीतरी झणझणीत लिहा म्हणाला. आईचा आशीर्वाद नको, बघतोस काय नको. "आमच्या गावच्या रस्त्याचं कायतरी लिवा," म्हणाला. "तीनदा नारळ फुटला त्या रस्त्याचा. साहेब येत्यात, नारळ फोडत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. रस्ता हाय तिथंच हाय. आमच्या पोरास्नी वाटतंय साहेबाला नारळ आवडतोय."

मी ब्रश धुवत होतो. तसाच बोलून गेलो, "खोबरं साहेबाला, करवंटी गावाला."

तो टाळी देऊन हसला. माझा गुरुबंधू मशीनच्या आडून म्हणाला, "लिव, लिव. झकास हाय." एवढाच त्याचा त्या ओळीशी संबंध. लिव म्हणाला.

तीन तासांत फाळका झाला. लाल जमीन, पिवळं अक्षर, काळी सावली. शेवटी उतरून मागं गेलो, बघितलं. टी ची वेलांटी वरून अशी झुकली होती की व च्या डोक्यावर टिंबाला जागाच मोकळी वाटेना. र वर कसं ऐसपैस. टाकलं र वर. करंवटी. खाली कोपऱ्यात त्याच्या दुकानाचं नाव. ट्रॉली गेली.

कारखान्याच्या रांगेत कुणीतरी फोटो काढला. मग काय विचारता. दोन दिवसांत तो फाळका जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलात. रस्ता रखडलेल्या प्रत्येक गावानं तो आपला म्हणून लावला. साहेब खवळले. त्यांची माणसं दोन जीप घेऊन दुकानासमोर येऊन थांबली, शिव्या दिल्या, बघून घेतो म्हणाली. त्या दिवशी मी मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागं बसलो होतो. लपलो होतो, असंच म्हणा.

जीप गेल्यावर तो आत आला. घामाघूम. म्हणाला, "साहेब बदनामीची केस टाकतेत. नाव माझ्या दुकानाचं हाय. पण तू म्हण, सांगतो तुझं नाव. तूच लिवलंय."

मी हात जोडले. शप्पथ सांगतो, दोन्ही हात जोडले. "माझं नाव घिऊ नको. लेक शिकतीया. म्या कोर्ट कधी बघितलं न्हाय. पाया पडतो तुझ्या."

त्यानं कपाळाचा घाम पुसला. "बरं," म्हणाला. "मग लिवलं म्या. पुन्हा मागं फिरू नको मात्र."

"न्हाय फिरत," म्हणालो.

समन्स आलं आणि चक्र उलटंच फिरलं. मला वाटलं होतं आता हा मरतोय, दुकान बंद पडतंय. कसलं काय! पेपरात फोटो. ब्रश हातात धरून. ब्रश त्यानं दहा वर्षांत धरला नव्हता, माझाच होता तो! शहरातून वकील आले, फुकट लढतो म्हणाले, हा गरीब कलावंताच्या बोलण्याच्या हक्काचा प्रश्न आहे म्हणाले. कॉलेजात व्याख्यान. सत्कार. शाल, हार आणि, ऐका मंडळी, नारळ. माझ्या ओळीवरून ह्याला नारळ! मी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. तो माइकवर सांगत होता की ही ओळ त्याला कशी सुचली. "गावाकडून येताना पाठ खिळखिळी झाली आन् ओठावर शब्द आले." ह्याची पाठ! हा मोटारीतनं हिंडतो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोबरं त्याला आणि करवंटी मला, माझीच ओळ माझ्यावर उलटली.

बरं, फाळक्याचं सगळं कौतुक त्याला गेलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण त्या फोटोखाली लोक लिहायचे, 'आधी शुद्धलेखन शिका, मग साहेबांना शिकवा.' 'करंवटी म्हणजे काय असतंय?' 'अडाणी पेंटर.' ते मात्र मला झोंबायचं. हार त्याला आणि हसं माझं. तो त्यावर म्हणायचा, "मुद्दाम केलंय. लोकांचं लक्ष जावं म्हणून." टाळ्या!

घरी आलो की बायकोच्या मागं लागायचो. आज काय बोलला, किती माणूस होतं, हार कसला होता. ती शेंगा फोडता फोडता ऐकायची. एकदा म्हणाली, "तुम्ही हात जोडलेले, ते पण सांगा की सगळ्यास्नी." त्या दिवशी मी जेवलो नाही.

कळंबच्या कोर्टात केस चालली तेव्हा मी एकही तारीख चुकवली नाही. मागं उभा राहायचो. एका तारखेला साहेब स्वतः साक्षीला आले. शहरातल्या वकिलांनी त्यांना लई अदबीनं विचारलं, "साहेब, ह्या ओळीत कुणाचं नाव नाही. जिल्ह्यात साहेब पुष्कळ आहेत. तर ह्यातला खोबरं खाणारा साहेब म्हणजे आपणच, असं आपलं म्हणणं आहे का?"

कोर्टात हशा पिकला. साहेब व्हय म्हणेनात आणि न्हायही म्हणेनात. पुढं दोन-तीन तारखांत केस निकालात निघाली. ओळीत कुणाचं नाव नाही, आणि रस्त्याबद्दल बोलायचा माणसाला हक्क आहे. बाहेर हलगी वाजली. त्याला खांद्यावर घेतलं. मीही एका बाजूनं खांदा दिला, गर्दीत तसा आलोच पुढं. त्याचं वजन अजून आठवतं.

आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं. आणि भीती गेली तशी जळफळीला मोकळं रान मिळालं. खरं सांगायचं तर माझा हक्क मला तेव्हा आठवला जेव्हा तो फुकट झाला. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग?

त्यातच ते टीशर्ट निघाले. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कुणी तो फाळका जसाच्या तसा उचलला. पिवळं अक्षर, काळी सावली, र वरचं टिंबसुद्धा. कळंबच्या बाजारात पोरं घालून हिंडायला लागली. माझ्या गुरुबंधूनं धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात दावा टाकला. वकिलांनी त्याला समजावलं होतं की एवढ्याशा ओळीवर कुणाची मालकी नसते, पण अक्षराचं वळण हे चित्रासारखं असतं, ते ज्यानं काढलं त्याचं. म्हणजे आता प्रश्न शब्दांचा राहिला नाही. हात कुणाचा, एवढाच राहिला. आणि हात माझा होता.

टीशर्टवाल्यांच्या वकिलाला कुठून सुगावा लागला कोण जाणे. बाजारात काय लपतंय! तो थेट माझ्या घरी आला, भुईवर बसला, चहा प्याला. म्हणाला, "पेंटर, फाळका तुम्ही रंगवला असं ऐकतो. कोर्टात येऊन सांगाल? दुकानवाल्याचं ते चित्रच नाही म्हटल्यावर दावा उभा कुठं राहणार?"

"सांगन," मी म्हणालो. विचार करायला एवढाही वेळ घेतला नाही.

"लिहून दाखवाल?"

"डोळे झाकून."

"डोळे उघडे ठेवा," तो हसला. "फक्त नेहमीसारखं लिहा. आणखी काही सांगत नाही, नाहीतर साक्षीदाराला पढवलं म्हणतील. नेहमीसारखं."

बायको आतून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "त्यानं तुमच्या वाटच्या शिव्या खाल्ल्या. जीपवाल्यांपुढं उभारला." मी म्हणालो, "आन् माझ्या वाटचे हार?" दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या दुकानात जायचं बंद केलं. त्यानं बोलावणंही पाठवलं नाही.

माझी लेक बीएड करते. तिला म्हणालो, "बाळा, जज्जापुढं लिहायचंय. एवढ्या लोकांत पुन्हा अडाणी ठरायचं नाही मला. ते टिंबाचं काय असतंय ते एकदा सांग." तिला आनंद झाला. पप्पा पहिल्यांदाच शिकायला बसले. ती म्हणाली, "सोपंय. बोलून बघा. क, र, वन्, टी. न् कुठं वाजला? व नंतर. मग टिंब व वर." इतकी वर्षं मी टिंब डोळ्यानं टाकत होतो, ते कानानं टाकायचं असतं हे मला पोरीनं शिकवलं. पंधरा दिवस पाटीवर, पेपरावर, मोरीच्या भिंतीवर लिहीत सुटलो. मंदिर. पंचायत. अंगणवाडी. करवंटी, करवंटी, करवंटी. उस्तादांच्या माराला जे जमलं नाही ते जमलं. (हे लिहिलंय त्यातली टिंबं मीच टाकलीत. तिनं नुसती तपासली.)

त्याची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती, मी काही गेलो नव्हतो. माझी तारीख आली तशी सकाळच्या एसटीनं निघालो. नवा पांढरा सदरा. पिशवीत माझे ब्रश. येरमाळ्याला गाडी थांबली तेव्हा तिथल्या देवीला गाडीतूनच हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही, कुणाचं भलं मागितलं नव्हतं.

धाराशिवच्या कोर्टात जज्ज बाई होत्या, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या. तो समोरच्या बाकावर. माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली. मला लई बरं वाटलं. शपथ घेतली. टीशर्टवाल्यांच्या वकिलानं विचारलं, फाळका कुणी रंगवला? "मी." ओळ कुणाची? "माझी." खणखणीत बोललो. ते दोन शब्द बोलायला मला दोन हंगाम लागले होते.

त्याच्या वकिलानं उलट तपासणी घेतली. "खटला चालू होता तेव्हा का बोलला नाहीत?"

"भीत होतो."

"आणि आता?"

"आता भीत न्हाय."

"केस संपली म्हणून?"

मी गप्प बसलो. बाईंनी ते गप्प बसणंही लिहून घेतलं असावं, पेन हलताना दिसलं.

मग मोठा पांढरा कागद टेबलावर पसरला. शेजारी पिवळा, काळा रंग. आमच्या वकिलानं हळूच पुन्हा सांगितलं, "नेहमीसारखं, पेंटर." मी ब्रश हातात घेतला आणि सगळं विसरलो. कोर्ट, पंखा, तो. उस्तादांच्या रीतीनं. रेघ, अक्षर, मात्रा, वेलांटी, सावली. सगळे श्वास धरून बघत होते. असं कुणी कधी माझं काम बघितलं नव्हतं. मग चार पावलं मागं गेलो. बघितलं. वेलांटी झुकलेली, र वर जागा ऐसपैस, हात आपोआप तिकडं निघाला. आणि मी त्याला थांबवलं! क, र, वन्, टी. मनात म्हणून घेतलं. गोल ब्रशनं ठसठशीत टिंब टाकलं, व च्या बरोबर डोक्यावर. आणि छाती काढून उभा राहिलो.

आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माणूस खूष झाला.

त्याचा वकील उठला. एकाशेजारी एक तीन गोष्टी मांडल्या. फाळक्याचा फोटो, माझा ओला कागद, आणि त्यानं आधीच्या तारखेला काढलेला कागद. "पेंटर, फोटोत टिंब कुठं आहे?"

"र वर."

"माझ्या अशिलाच्या कागदावर?"

मी वाकून बघितलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा अडखळत होतं, सावली एका जागी फाटली होती. पण टिंब र वर होतं. त्याचं, ज्याचं टिंब उस्तादांच्या मारानंतर कधी चुकलं नव्हतं.

"र वर," मी म्हणालो.

"आणि तुमच्या?"

तेव्हा कुठं उजेड पडला. "बाई, त्यानं चोरलंय!" मी ओरडलो. "चूक माझी हाय! ते आधी माझंच चुकत होतं, आता पोरीनं शिकवलं म्हणून..."

"म्हणजे," वकील शांतपणे म्हणाला, "आज तुम्ही चूक करायची विसरलात?"

सगळं कोर्ट हसलं. बाईसुद्धा हसल्या, मग चष्मा सावरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा कागद घडी करून दप्तरात गेला, रंग ओला होता, अक्षराला अक्षर चिकटलं असणार.

बाहेर चहाच्या टपरीवर तो उभा होता. मला टाळून जाता आलं असतं, पण एसटीला वेळ होता. त्यानंच दोन चहा सांगितले.

"आयुष्यात एकदा टिंब बराबर पडलं तुझं," म्हणाला, "आन् तेबी नेमकं आज."

"तुला कुणी सांगितलं टिंबाचं?"

"सांगायला कशाला पायजे? माझ्या वकिलानं कोर्टात लिवून दाखवाल का इचारलं तवाच कळलं, टीशर्टवाले कुठं धरणार ते." त्यानं चहा फुंकला. "दुकान दुपारी बंद करून महिनाभर लिवत हुतो. हातच जात नव्हता र वर. उस्तादांचा मार आठवायचा. दोन वह्या भरल्या, तवा कुठं तुझ्यासारखं चुकाय लागलं. कसं रं टाकत हुतास तू एवढी वर्षं?"

"शोभंल तिथं," मी म्हणालो.

"तेच म्हणलं. शोभतंय खरं." आणि मग कप ठेवता ठेवता, "तू हात जोडलेस तवा मी इचारलं हुतं तुला. मागं फिरू नको म्हणलं हुतं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा त्यानं पाजला, एवढं लिहून ठेवतो. पुढं त्या टीशर्टवाल्यांनी त्याच्याशी समेट केला. आता टीशर्टवर ओळीखाली बारीक अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव असतं.

मी घरासमोर पत्रा टाकून स्वतःचं काम सुरू केलं. थोडंफार येतं. परवाच अणदूरकडचा एक ट्रॉलीवाला कुणाचा तरी पत्ता विचारत आला. नवा फाळका, लाल जमीन तयारच. "ती नारळाची वळ काढा," म्हणाला. मी ब्रश भिजवला. काढली. खाली उतरलो, चार पावलं मागं गेलो, आणि टिंब टाकलं.

तो जवळ आला, फाळका बघितला, मोबाइल काढला, पुन्हा फाळका बघितला.

"पेंटर, चुकलं की तुमचं. टिंब र वर असतंय."

"शुद्ध हेच असतंय," मी म्हणालो.

"शुद्धाचं आमाला काय करायचंय? त्या पेंटरनं काढलंय तसं काढा." आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. माझाच फाळका, माझंच अक्षर.

मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं, टिंब पुसलं. र वर टाकायला गेलो तर हात पुन्हा व कडं निघाला. दोनदा निघाला. मग मी त्या फोटोत बघून, अंदाज घेऊन, जसंच्या तसं टाकलं.

"आता कसं!" तो म्हणाला. "आन् खाली कोपऱ्यात त्यांचं नाव पण टाका. त्याच्याबगर वरिजनल वाटत न्हाय."

त्याचं नाव अजून हाताला पाठ होतं. ते बघायला फोटो लागला नाही.